अरीथा फ्रँकलिनचा १९६७चा अल्बम: आवाजाच्या आधी तिचे हात ऐका

आपला प्रश्न असा आहे. अमेरिकन गायिका अरीथा फ्रँकलिन हिचा ‘आय नेव्हर लव्हड अ मॅन द वे आय लव्ह यू’ हा १९६७चा अल्बम आपण तीनदा ऐकलात. ‘रिस्पेक्ट’ वगळता बाकीची गाणी आपल्याला चढ्या आवाजात ओरडून म्हटल्यासारखी वाटली, आणि त्याआधी तिने कोलंबिया कंपनीसाठी गायलेली गाणी अधिक नीटस आणि सुरेल वाटली. तरीही सोल संगीताचा, म्हणजे चर्चमधल्या गाण्यातून आणि ब्लूजमधून वाढलेल्या काळ्या अमेरिकनांच्या लोकप्रिय संगीताचा, विषय निघाला की जाणकार हाच अल्बम पुढे का करतात, हे आपल्याला समजून घ्यायचे आहे. शेवटी आपण असेही विचारले आहे की विकत घ्यायचा झाल्यास मोनो (एका वाहिनीची) आवृत्ती घ्यावी की स्टिरिओ (दोन वाहिन्यांची). मी ३० वर्षे मुंबईत ध्वनिमुद्रणाचे काम केले, त्यातला निम्म्याहून अधिक काळ गायक आणि साथीदार यांना एकाच खोलीत बसवून केले. त्यामुळे पुढचे सगळे काचेच्या अलीकडे बसणाऱ्या माणसाच्या कानाने सांगतो आहे, हे ध्यानात ठेवावे.

कोलंबियातला आवाज आणि हा अल्बम काढणाऱ्या अटलांटिक कंपनीतला आवाज एकाच बाईचा आहे, आणि सहा वर्षांत तो काही फारसा बदललेला नाही. फरक पडला तो ती कुठे बसली होती यामुळे. कोलंबियात बहुतेक वेळा साज, म्हणजे कोणत्या वाद्याने काय वाजवायचे ते, आधी लिहून तयार असे, वादक पुढ्यात कागद ठेवून वाजवत, आणि गायिका मायक्रोफोनपुढे उभी राहून त्या तयार साजावर गात असे. अटलांटिकमध्ये ती पियानोपुढे बसली आणि ड्रम, बेस, गिटार तिच्या हातांचा अंदाज घेत वाजू लागले. आपल्याला जे ओरडणे वाटते, ते मला वाटते, आपण आवाज पियानोपासून सोडवून ऐकत असल्यामुळे वाटते. हा अल्बम तसा ऐकताच येत नाही.

तिचा पियानो आला कुठून, हे आधी सांगायला हवे. अरीथाचा जन्म २५ मार्च १९४२ रोजी मेम्फिसमध्ये झाला, पण ती वाढली डेट्रॉइटमध्ये, जिथे तिचे वडील सी. एल. फ्रँकलिन न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री होते. त्यांची प्रवचने इतकी गाजलेली होती की त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघत आणि खपत. त्या प्रवचनांची रीत आपल्याकडच्या कीर्तन ऐकलेल्या माणसाला लगेच ओळखीची वाटेल: सुरुवात साध्या बोलण्याने होते, मग वाक्यांना लय येते, मग वाक्यांच्या शेवटी सूर लागू लागतो, आणि शेवटाकडे बोलणे कोठे संपले आणि गाणे कोठे सुरू झाले हे सांगता येत नाही. समोरचे श्रोते प्रत्येक ओळीला उत्तर देत असतात आणि त्यांच्या उत्तरावर पुढची ओळ किती ताणायची हे ठरते. घरी जेम्स क्लीव्हलँड आणि क्लारा वॉर्ड यांच्यासारख्या गॉस्पेल, म्हणजे काळ्या चर्चमधल्या भक्तिगीतांच्या, कलावंतांची ये-जा होती. शिकवणी लावली तेव्हा या मुलीने ती टाळली आणि पियानो कानानेच उचलला. १९५६ साली, १४ वर्षांची असताना, वडिलांच्या चर्चमध्ये तिचे गाणे पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झाले, आणि तिथेही साथीला तिचाच पियानो आहे.

१९६० साली कोलंबियाचे निर्माते जॉन हॅमंड यांनी तिला त्या कंपनीत आणले. त्या काळाबद्दल एक सोपी गोष्ट नेहमी सांगितली जाते, ती अशी की मोठ्या कंपनीला तिची किंमत कळली नाही आणि तिची सहा वर्षे वाया गेली. हे मला पटत नाही, आणि इथे मी आपल्या बाजूने आहे. कोलंबियातल्या पहिल्या अल्बमच्या काही गाण्यांत ती स्वतः पियानोवर आहे, आणि डायना वॉशिंग्टनच्या आठवणीत १९६४ साली केलेला अल्बम आजही ऐकावासा वाटतो. आपल्याला तिथे जे नीटसपण जाणवते ते खरेच आहे, कारण साज कुशल लोकांनी लिहिला होता आणि तो स्वच्छ टिपला गेला होता. अडचण इतकीच होती की लिहिलेला साज गायिकेसाठी थांबत नाही. एखादी ओळ तिला दोन मात्रा लांबवाविशी वाटली, तर व्हायोलिनवाल्यांच्या कागदावर त्या दोन मात्रा नसत. मग ती काय करी, तर ओळ लांबवण्याऐवजी तेवढ्याच जागेत अधिक हरकती भरी, आणि त्यामुळे कधी कधी गाणे नटल्यासारखे वाटते. लोकप्रियतेच्या हिशेबानेही फार काही हाती लागले नाही. त्या सर्व काळात पहिल्या ४० गाण्यांत तिचे एकच गाणे शिरले.

१९६६च्या शेवटी कोलंबियाचा करार संपला आणि अटलांटिकचा निर्माता जेरी वेक्सलर याने तिला करारबद्ध केले. सोल गायक विल्सन पिकेटला अलाबामातल्या मसल शोल्स या छोट्या गावातल्या फेम स्टुडिओत नेऊन गाणी करण्याची पद्धत वेक्सलरच्या अंगवळणी पडली होती. रिक हॉल या माणसाचा तो स्टुडिओ. तिथले वादक कागदावरून वाजवत नसत. गाण्याची चाल ऐकायची, खोलीतच एकेकाने काहीतरी सुचवायचे, जुळले तर ठेवायचे आणि नाही जुळले तर दुसरे शोधायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. २४ जानेवारी १९६७ रोजी अरीथा तिथे पोहोचली. ड्रमवर रॉजर हॉकिन्स, बेसवर टॉमी कॉगबिल, गिटारवर जिमी जॉन्सन आणि चिप्स मोमन, आणि पियानोवर स्पूनर ओल्डहॅम, असा ताफा ठरला होता. हे सगळे गोरे तरुण होते, आणि हे काळ्या चर्चच्या मुशीतून आलेल्या गायिकेचे गाणे होते. त्या काळातल्या अलाबामात ही गोष्ट लहान नव्हती.

त्या दिवशीची एक घटना वादकांनी वेळोवेळी सांगितली आहे आणि माझ्या दृष्टीने अख्ख्या अल्बमची किल्ली तीच आहे. अरीथा पियानोपुढे बसली, तिने काही सूर एकत्र दाबले, आणि खोलीतल्या गप्पा थांबल्या. ओल्डहॅमने मोठा पियानो तिच्यासाठी सोडला आणि स्वतः वुर्लिट्झरच्या इलेक्ट्रिक पियानोवर जाऊन बसला. आता शीर्षकगीत कसे सुरू करायचे हे कोणालाच सुचेना. रॉनी शॅननचे हे गाणे तीन-तीन मात्रांच्या झोक्यावर चालते, आणि असा झोका नीट बसला नाही तर गाणे लंगडते. बराच वेळ चाचपडल्यावर ओल्डहॅमच्या बोटांतून तो सुरुवातीचा छोटा, घोळणारा तुकडा निघाला, आणि मग बाकीच्यांना आपापली जागा सापडत गेली.

इथे धंद्यातली एक बाब थोडी उलगडून सांगतो, कारण ती श्रोत्याला दिसत नाही. गायिका स्वतः पियानो वाजवत गात असेल तर तिच्या तोंडापुढच्या मायक्रोफोनमध्ये पियानो शिरतो आणि पियानोच्या मायक्रोफोनमध्ये तिचा आवाज शिरतो. ध्वनिमुद्रकाच्या दृष्टीने ही कटकटच असते. नंतर एखादी ओळ चुकली म्हणून फक्त आवाज पुन्हा घ्यावा म्हटले तर जुन्या आवाजाची सावली पियानोत राहिलेली असते. म्हणून बहुतेक ठिकाणी गायकाला वाद्यापासून दूर करण्याचा मोह होतो, आणि मीही तो केलेला आहे. १९९०च्या दशकात एका ज्येष्ठ भजनगायकांचे ध्वनिमुद्रण आमच्याकडे होते. ते आयुष्यभर स्वतः पेटी वाजवत गात आले होते. स्वच्छ ध्वनीच्या हौसेपायी मी पेटी दुसऱ्या उत्तम वादकाकडे दिली आणि बुवांना काचेच्या खोलीत उभे केले. सूर अचूक, ताल अचूक, आणि गाणे मात्र निर्जीव. दोन तास गेल्यावर तबलजीने मला बाजूला घेऊन सांगितले, “साहेब, बुवा वर जायच्या आधी भाता जरा जोरात दाबतात. मी त्यावरून ओळखतो. आता मला काही कळत नाही.” आम्ही पेटी परत बुवांपुढे ठेवली, तिच्यावर घडी केलेली चादर टाकली, जो आवाज झिरपायचा तो झिरपू दिला, आणि अर्ध्या तासात काम झाले. अरीथाच्या डाव्या हातात हेच घडत असते. आवाज उंच जायच्या आधी खर्जातले सूर जड होतात, आणि हॉकिन्ससारखा कान देऊन वाजवणारा ड्रमर ते ओळखतो. तिच्या तार सप्तकातल्या उडीला साथीदार नुसते सोबत करत नाहीत. ते त्या उडीच्या आधीच तिथे पोहोचलेले असतात.

आता शीर्षकगीत पुन्हा लावा. पहिले काही क्षण इलेक्ट्रिक पियानोचेच आहेत. मग ती येते आणि पहिल्याच ओळींत समोरच्या पुरुषाला खोटारडा आणि दगाबाज ठरवून टाकते, पण स्वर चढवून नाही; हिशेब सांगावा तसे सांगते. मागे ड्रम फार थोडा वाजतो आहे. पुढे पुढे तिचा मोठा पियानो ठळक होत जातो, ब्रास वाद्ये भरत जातात, आणि शीर्षकाच्या ओळीपाशी ‘कधीच नाही’ या अर्थाचे शब्द ती पुन्हा पुन्हा म्हणू लागते. तिथे कान द्या. प्रत्येक वेळी ते शब्द मात्रेच्या किंचित मागे पडतात, साथीदार थबकून राहतात, आणि ओळ पूर्ण होईपर्यंत कोणीही घाई करत नाही. लिहिलेल्या साजात हा थबका लिहिता येईल, पण तो नेमका किती वेळ धरायचा हे लिहिता येणार नाही. आवाजाची उंची तिथे आहेच, परंतु ती लांब चढणीनंतर आली आहे. चढण न ऐकता टोकच ऐकले की ते ओरडणे वाटते.

त्या दिवशी एवढे एकच गाणे पूर्ण झाले. पुढे काय घडले ते प्रसिद्ध आहे: एका ट्रम्पेटवादकाची आणि अरीथाचा तेव्हाचा पती व व्यवस्थापक टेड व्हाइट याची जुंपली, रात्री रिक हॉल समेटासाठी हॉटेलवर गेला आणि भांडण मिटण्याऐवजी चिघळले. दुसऱ्या दिवशी पाहुणे निघून गेले. वेक्सलरच्या हाती एक पूर्ण गाणे आणि डॅन पेन व चिप्स मोमन यांच्या ‘डू राइट वुमन, डू राइट मॅन’चा अर्धवट सांगाडा उरला. पूर्ण गाण्याच्या चाचणी तबकड्या त्याने रेडिओवाल्यांना ऐकवल्या, मागणी सुरू झाली, आणि तबकडीच्या मागच्या बाजूला घालायला दुसरे गाणेच नव्हते.

ते दुसरे गाणे न्यूयॉर्कमध्ये पुरे झाले, आणि कसे, ते ऐकण्यासारखे आहे. अलाबामात केलेल्या तुटपुंज्या साजावर अरीथाने आधी पियानो भरला, मग ऑर्गन भरला, मग मुख्य आवाज दिला, आणि बहिणींसह मागचे स्वर गायले. म्हणजे एका सांगाड्याला चारी बाजूंनी तिनेच भिंती घातल्या. गाण्याच्या मधल्या भागात, जिथे हे जग पुरुषांचे आहे असे म्हणतात असा उल्लेख येतो, तिथली ओळ वेक्सलरने पुरवली आणि तिला दिलेले उत्तर अरीथाने. आपल्या ‘ओरडण्या’च्या तक्रारीवर मी हेच गाणे पुढे करीन. आरंभी ती जवळजवळ बोलतेच. साज इतका विरळ आहे की दोन ठोक्यांमधली शांतता ऐकू येते. तिला आवाज लपवता येत होता, आणि कुठे लपवायचा हे तिला कळत होते, याचा याहून चांगला पुरावा या अल्बममध्ये दुसरा नाही.

बाकीचा अल्बम न्यूयॉर्कच्या अटलांटिक स्टुडिओत फेब्रुवारीत झाला. अलाबामाच्या वादकांना तिथे आणायचे तर रिक हॉलला काय सांगायचे, म्हणून सॅक्सोफोनवादक किंग कर्टिसच्या अल्बमसाठी ते हवे आहेत असे निमित्त काढले गेले. तो अल्बमही खरोखर झाला, आणि पोरे थांबली ती अरीथासाठी. ध्वनिमुद्रक टॉम डाउड होता. आमच्या धंद्यात त्याचे नाव निघाले की जुनी माणसे सरसावून बसतात.

‘रिस्पेक्ट’ १४ फेब्रुवारी १९६७ रोजी ध्वनिमुद्रित झाले. सोल गायक ओटिस रेडिंगने ते १९६५ साली लिहिले आणि गायले होते, आणि त्याच्या गाण्यात कमावून घरी येणारा पुरुष बायकोकडे थोडा मान मागतो. अरीथा ते आपल्या कार्यक्रमांत आधीपासून गात होती, त्यामुळे स्टुडिओत येईपर्यंत त्याचा आराखडा पियानोवर पक्का झालेला होता. शब्द बरेचसे तेच राहिले आहेत, पण आता पैसे तिचे आहेत आणि मान मागणारीही तीच आहे, म्हणून विनंतीची ठाम मागणी झाली. मूळ गाण्यात शब्दाचे एकेक अक्षर सुटे करून म्हणण्याचा तो प्रसिद्ध भाग नाही. तो या आवृत्तीत आला. गंमत अशी की ज्या भागामुळे हे गाणे जगाला ठाऊक आहे तो भाग पूर्ण गाण्यात फक्त एकदा, शेवटाजवळ येतो. तिथे साज थांबून ठोके देतो आणि ती अक्षरे मोकळ्या जागेत पडतात. कॅरोलिन आणि अर्मा या बहिणी मागून जे ‘री, री, री, री’ म्हणतात ते त्या शब्दाचे पहिले अक्षर आहे आणि घरात अरीथाला मारली जाणारी हाकही आहे. म्हणजे जगाने स्त्रीच्या आणि काळ्या माणसाच्या सन्मानाची घोषणा म्हणून उचललेल्या गाण्यात दोन बहिणी तिसरीला लाडाने हाक मारत आहेत.

याच गाण्यातली एक जागा मी शिकाऊ मुलांना नेहमी ऐकवत असे. गाणे सी या पट्टीत आहे. सोयीसाठी सी म्हणजे षड्ज धरू. कडव्याच्या ओळी षड्जाच्या स्वरसंगतीवर, म्हणजे त्यावर उभ्या एकत्र वाजणाऱ्या सुरांवर, सुरू होत नाहीत. त्या पंचमाच्या आणि मध्यमाच्या संगतीत झुलतात, आणि घरी येतात त्या मुखड्यापाशी. आता मूळ गाण्यात आंतरतुकडा नव्हता. इथे किंग कर्टिसच्या सॅक्सोफोनसाठी तो हवा होता, म्हणून सॅम अँड डेव्ह या जोडीच्या दुसऱ्याच एका गाण्यातली स्वरसंगती उचलून आणली, आणि ती जशीच्या तशी एफ शार्प मायनरमध्ये ठेवली. षड्जापासून पाहिले तर हा तीव्र मध्यम, म्हणजे सप्तकात घरापासून सगळ्यात दूरचा मुक्काम. कोणतीही पूर्वतयारी न करता गाणे तिथे उडी मारते, सॅक्सोफोन काही मात्रा तिथे बोलतो, आणि पुन्हा एका पावलात पंचमावर उतरून कडवे चालू होते. साधारणपणे इतकी लांबची उडी कानाला टोचते. इथे ती टोचत नाही, कारण ड्रम आणि बेस पूर्वीच्याच चालीने चालत राहतात, पायाखालची जमीन हलत नाही आणि आभाळ तेवढे बदलते. हे सगळे अडीच मिनिटांच्या आत. जूनच्या ३ तारखेला गाणे अमेरिकेच्या मुख्य यादीत पहिले आले आणि दोन आठवडे तिथे राहिले. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियातल्या माँटेरेच्या संगीत महोत्सवात ओटिस रेडिंगने आपले हे गाणे एका मुलीने पळवल्याचे हसत हसत सांगितले.

तरीही, मला एकच गाणे निवडायला सांगितले तर मी ‘रिस्पेक्ट’ निवडणार नाही, ‘डॉक्टर फीलगुड’ निवडीन. संथ, बारा-आठच्या (चार ठोके, प्रत्येकात तीन मात्रा अशा) चालीचा हा ब्लूज आहे, आणि विषय असा की माझा माणूस आणि मी एकत्र असताना इतर कोणी, मग ते घरचे का असेना, भोवती बसलेले मला नको. दुखण्यावर डॉक्टर कोणता, तेही ती सांगून टाकते. विषय शयनगृहाचा आणि वाजवण्याची रीत रविवारच्या प्रार्थनेची. पाद्र्याच्या मुलीने हे करावे याचा धक्का आज आपल्याला बसत नाही. त्या वेळी बसला असणार. इथे आवाज सोडून फक्त तिच्या उजव्या हाताकडे लक्ष द्या. ओळ संपते, तिचा श्वास सुटतो, आणि त्या रिकाम्या जागेत पियानोच्या वरच्या पट्ट्यांवरून तीन-तीन सुरांचे झुबके पडतात. ती स्वतःलाच दाद देत असते. चर्चमध्ये समोरच्या बाकांवरून जे उत्तर येई ते आता तिच्या बोटांतून येते, आणि त्या उत्तरावर ती पुढची ओळ किती वर न्यायची हे ठरवते. अशा जागी दुसरा कितीही थोर पियानोवादक बसवला तरी त्याला पाव मात्रेचा उशीर होईल, कारण त्याला आधी ऐकावे लागेल.

उरलेल्या गाण्यांवर फार वेळ घालवत नाही. ‘ड्राउन इन माय ओन टिअर्स’ रे चार्ल्सने १९५६ साली गाजवले होते, तोही स्वतः पियानोवर बसून गाणारा, आणि त्याच्या शेजारी ठेवून ऐकल्यास दोघांचे गुरुघर एकच असल्याचे कळते. ‘डोन्ट लेट मी लूझ धिस ड्रीम’ला ब्राझीलच्या बोसानोव्हाचा हलका हेलकावा आहे, तिचे आणि टेड व्हाइटचे हे गाणे दुर्लक्षित राहिले, ते तसे राहायला नको होते. ‘बेबी, बेबी, बेबी’ तिने बहीण कॅरोलिनबरोबर लिहिले. ‘सेव्ह मी’ एकाच गिटारच्या फिरत्या तुकड्यावर चालते आणि त्याबाबतीत आपली तक्रार मी मान्य करतो, ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच उंचीवर राहते. ‘सोल सेरेनेड’ ही किंग कर्टिसची वाद्यरचना होती. तिला शब्द चिकटवल्याने तिचे काही भले झाले असे मला वाटत नाही. ‘गुड टाइम्स’ गोड आहे आणि चटकन संपते.

मोनो की स्टिरिओ, या प्रश्नाचे उत्तर या अल्बमपुरते सोपे आहे: मोनो मिळाला तर मोनो घ्या. १९६७ साली अशी गाणी एएम रेडिओवर, ज्यूकबॉक्सवर आणि मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या छोट्या तबकडीवर ऐकली जात, आणि तिथे एकच वाहिनी असे. त्या काळच्या पुष्कळ स्टिरिओ मिश्रणांत काही वाद्ये एका कानात आणि काही दुसऱ्या कानात अशी फाळणी असते. हेडफोनवर ऐकताना ती जास्तच जाणवते, आणि मग आवाज एकटा मध्ये उभा राहून ओरडतो आहे असे वाटू शकते. आपण हेडफोनवर ऐकले असेल तर आपल्या तक्रारीचा अर्धा उगम कदाचित तिथेच सापडेल. मोनो प्रत हाती नसेल तर उपकरणातले मोनोचे बटण दाबा, किंवा दोन्ही स्पीकर शेजारी-शेजारी ठेवून खोलीत ऐका. पियानो आवाजाच्या मागे नेमका येऊन बसेल. एकूण ११ गाणी आहेत, सगळी मिळून ३३ मिनिटांच्या आसपास, त्यामुळे एका बैठकीत दोन्ही बाजू ऐकायला हरकत नाही.

अल्बमचे शेवटचे गाणे मुद्दाम शेवटी ठेवले. ‘अ चेंज इज गॉना कम’ हे सॅम कुकचे गाणे. कुक गॉस्पेलमधूनच आलेला, फ्रँकलिन कुटुंबाच्या ओळखीचा, आणि डिसेंबर १९६४मध्ये गोळी लागून गेला. त्याच्या मूळ ध्वनिमुद्रणात तंतुवाद्यांचा मोठा साज आहे आणि गाणे पडदा वर जावा तसे उघडते. अरीथाने तो साज घेतलाच नाही. तिने आधी आपल्या दोन ओळी जोडल्या आहेत, ज्यांत ती सांगते की एका जुन्या मित्राच्या तोंडून मी हे ऐकले आणि ते माझ्या मनाला भिडले, आणि त्याची सुरुवात अशी होती. नाव ती घेत नाही. एवढे सांगून ती मूळ गाण्याच्या पहिल्या ओळीवर येते, आणि जिथे कुकच्या मागे व्हायोलिने होती तिथे हिच्या आवाजाखाली हिचाच पियानो आहे.